आईचा ताप

माझी आई नर्स होती, एवढं सांगायला मला कधीच अडचण आली नाही. ती कुठे नर्स होती, हे सांगताना मात्र नाकी नऊ यायचे. कॉलेजात कोणी विचारलं की मी म्हणायचे, "सध्या बाहेर आहे." बाहेर म्हणजे पुण्याला? नाही. मुंबईला? नाही. मग एखाद्या अशा देशाचं नाव घ्यावं लागायचं, जे समोरच्यानं कधी ऐकलेलं नसायचं आणि मलाही नकाशात चटकन सापडायचं नाही. पुढचा प्रश्न ठरलेला, "तिकडे नोकरी लागली का?" नोकरी नव्हे. कुठे भूकंप झाला, पूर आला, हगवणीची साथ पसरली, की एका परदेशी संस्थेचे डॉक्टर आणि नर्स तिथे जाऊन तंबूत दवाखाना उघडायचे, आणि त्यांच्यात आमच्या नागपूरजवळच्या कोराडीच्या क्वार्टरमधल्या प्रमिलाबाई असायच्या. दोन-तीन महिने जायच्या, परत आल्या की शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात आपली नेहमीची ड्यूटी सुरू करायच्या. हे सगळं उभ्या उभ्या समजावून सांगायचं आणि शेवटी समोरच्यानं मान डोलावून म्हणायचं, "म्हणजे समाजसेवा करतात." मला त्या शब्दाची तिडीक होती, आजही आहे. समाजसेवा म्हटली की त्या बाईला घर आहे आणि त्या घरात कोणी आहे, हे लोकांच्या डोक्यातूनच जातं.

आमचं क्वार्टर कॉलनीच्या शेवटच्या रांगेत होतं. मागच्या अंगणात कपडे वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर राखेचा बारीक थर बसायचा. झटकायचे, पुन्हा झटकायचे, तरी पांढरी ओढणी शेवटी करडीच. बाबा तिथल्याच पॉवर हाउसमध्ये फिटर होते. यंत्रांची घरघर घरात अष्टौप्रहर असायची आणि ती आम्हाला ऐकूही यायची नाही. एखादं युनिट बंद पडून वाफ सोडल्याचा कान फाडणारा आवाज झाला की सगळी कॉलनी दचकून दारात यायची. बाबा मात्र भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "ट्रिप झालं." बस्स, एवढंच. त्यांच्या या शांतपणाचा मला जितका वैताग होता, तितका आईच्या जाण्याचाही नव्हता. परदेशातून फोन यायचा, आई "येस, येस" करत ऐकून घ्यायची, फोन ठेवून बाबांकडे बघायची आणि बाबा म्हणायचे, "जाऊन ये न वं. इथं काय अडून राहिलं?" काय अडत होतं ते मला विचारायला पाहिजे होतं. मला कोणी विचारत नव्हतं.

आई असली की स्वयंपाकघराला वास असायचा. पाटोडीच्या रश्शाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा, हिवाळ्यात अंगणातल्या जाळावर फुटणाऱ्या वांग्यांचा. ती गेली की बाबांची खिचडी. सकाळी खिचडी आणि संध्याकाळी तिलाच फोडणी दिलेली सकाळची खिचडी. दोनचार दिवस असे गेले की कामठीहून आत्याबाई यायची. आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिच्या घराला लागून पॉवरलूमचा कारखाना होता, दिवसभर खडाखडा माग चालायचे, त्यामुळे ती जन्मभर मागांच्या वरच्या पट्टीत बोलत आली होती. कोराडीत माग नव्हते, पण तिचा आवाज काही खाली यायचा नाही. बसमधून उतरून ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की मला घरात कळायचं. "बापू! अरे बापू! काय खाऊन राहिले रे तुम्ही? पोट्टीचं तोंड पाह्य कसं सुकलं!" मग पदर खोचून बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात करायची, त्यावर कढवलेल्या तेलाची धार अशी सोडायची की भात पोहायला लागायचा, आणि आम्ही जेवत असेपर्यंत समोर बसून आईचा उद्धार करायची. "जगाले दवा अन् घराले हवा! माह्या भावाच्या नशिबात कायची बायको आली!" मला आईचा कितीही राग असला तरी आत्याबाईच्या तोंडून तो ऐकवायचा नाही. पण बोलायची सोय नव्हती, कारण तोंडात तिचाच गोळाभात असायचा आणि तो फार चांगला असायचा.

आईचे फोन हा आणखी एक ताप. तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा आणि मधे एक क्षण अडकायचा. त्यामुळे मी बोलायला लागले की ती बोलायला लागायची, मी थांबले की तीही थांबायची, आणि दोघी मिळून "हॅलो, हॅलो" करत तो महागडा वेळ घालवायचो. हजारो मैलांवरून ती काय विचारायची, तर टाकी धुतली का? पाणी उकळून घेतेस का? मी म्हणायचे, आई, माझी परीक्षा आहे. ती म्हणायची, मग तर उकळूनच पी. परत आली की पहिले चार-पाच दिवस नुसती झोपायची. त्यानंतर नळ टपकत असला की जाऊन घट्ट बंद करायची, ताटात भात उरला की ताटाकडे बघत राहायची. ते बघणं मला असह्य व्हायचं. इतक्या लोकांचं दुःख उशाशी घेऊन आलेल्या बाईपुढे आपण नवी चप्पल हवी म्हणून भांडायचं तरी कसं?

मी कॉलेजात असतानाच एका वर्षी ती आफ्रिकेतल्या एका देशात गेली. तिथे एक ताप पसरला होता, स्पर्शानं लागणारा, आणि लागलेली माणसं क्वचितच उठायची. पेपरात फोटो आला होता. डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माणसं एक स्ट्रेचर नेत होती. आमच्या शेजारच्या बोंदरेकाकू ते पान घेऊन आल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "यात तुही आई कोणती वं?" मला काय माहीत! डोळेसुद्धा दिसत नव्हते. परतायच्या आधी आईचा फोन आला. म्हणाली, "वैशू, नीट ऐक. मी आली की तीन आठवडे मागच्या खोलीत राहीन. ताप नाही आला तोपर्यंत माह्यापासून कोणाले काही होत नाही, पण तरी हात लावायचा नाही." आज शेंबड्या पोरालाही क्वारंटाइन म्हणजे काय ते कळतं. कोरोनाच्या वेळी आमच्या सोसायटीत लोक दारांवर कागद चिकटवायला लागले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, हे मी आधी करून बसले आहे. पण तेव्हा त्यासाठी आमच्याकडे शब्द नव्हता, आणि शब्द नसला की लोक आपापला शब्द लावतात.

आई आली ती थेट मागच्या खोलीत गेली. बाबांना खोटं बोलता येत नाही. दूधवाल्यानं विचारलं, वहिनी आल्या काय, दिसल्या नाही, तर त्यांनी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दूध फाटकावर. त्यानंतर बोंदरेकाकूंनी मधल्या भिंतीवरून वाटी देणं बंद केलं. मग एका संध्याकाळी कॉलनीचे सेक्रेटरी आणखी दोघांना घेऊन आले, तिघांच्या नाकाला रुमाल. अंगणातच उभे राहिले. "वहिनींचं आम्हाले कौतुकच आहे," सेक्रेटरी म्हणाले, "पण लेकराबाळांची कॉलनी हाये न. काही दिवस त्याइले दुसरीकडे ठेवता येत नाही का?"

"दुसरीकडे कुठे?" बाबांनी खरंच विचारात पडून विचारलं.

"म्हणजे, जिथं होत्या तिथंच अजून थोडे दिवस राहिल्या असत्या तर..."

 बाबा म्हणाले, "चहा घेता का?" तिघंही एकदम मागे सरले आणि चहा न घेता फाटकाबाहेर गेले. मी बाबांवर चिडले, तुम्ही त्यांना सुनावलं का नाही म्हणून. मागच्या खोलीच्या बंद दारातून आईचा आवाज आला, "काय सुनावायचं? लेकरं आहेत त्याइच्या घरी." मी दारावर मूठ आपटली. बंद दाराशी भांडण्यात काहीच मजा नसते.

आत्याबाईच्या मुलीचं, मायाताईचं लग्न याच तीन आठवड्यांत होतं. आत्याबाईचा फोन आला, पहिल्यांदाच जरा हळू आवाजात. "बापू, तू येऊ नको गा. पोट्टीलेही पाठवू नको. पोराकडचे लोक विचारून राहिले." सख्ख्या भाचीच्या लग्नाला सख्खा मामा नको! बाबा "बरं" म्हणाले. आत आई म्हणाली, "बाईचं बरोबर आहे." त्या घरात त्या दिवशी मला सोडून सगळ्यांचं बरोबर होतं. मायाताईच्या लग्नासाठी घेतलेली मोरपंखी साडी मी कपाटातून काढली आणि पुन्हा कपाटात ठेवली.

मायाताईच्या हळदीच्या दिवशी सकाळी मी दारापाशी स्टुलावर ताट ठेवलं, टकटक केली आणि मागे सरले, रोजच्यासारखी. दार उघडलं नाही. आतून आई म्हणाली, "वैशू, ताट राहू दे. बाबाले सांग, ताप आहे." फक्त एवढंच. पण तिच्या आवाजात थंडी वाजत होती. बाबांनी फोन लावायला सुरुवात केली. एका दवाखान्यानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं साहेब राउंडवर आहेत म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं आजाराचं नाव ऐकून फोनच ठेवला. शेवटी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यानं, त्याचं नाव मी लिहीत नाही, गाडी पाठवली. ड्रायव्हर खाली उतरला नाही, बरोबरचा माणूस मागचं दार उघडून लांब जाऊन उभा राहिला. आई अंगावर चादर लपेटून स्वतः चालत गेली, स्वतः आत चढली आणि आतून दार ओढून घेतलं. कॉलनीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि प्रत्येक खिडकीमागे माणूस होता. आम्ही स्कूटरवर गाडीच्या मागे. रस्ताभर कोळशाचे ट्रक, पुढे ती गाडी, आणि बाबा स्कूटर नेहमीसारखीच सावकाश चालवत होते. मी त्यांच्या पाठीत बोट खुपसून "चला ना, चला ना" करत होते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आई आवारातल्या कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसली होती. एकटी. तिच्याभोवती असं मोकळं मैदान झालं होतं, जसं एखाद्या बेवारस पिशवीभोवती होतं. साथीच्या रोग्यांसाठी एक वेगळी खोली होती, पण तिला कुलूप होतं, किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता, आणि रजिस्टरमध्ये नुसता 'ताप' लिहायचा की त्या तापाचं नाव लिहायचं यावर व्हरांड्यात चार माणसं चर्चा करत होती. "नाव लिहिलं तर सगळा वॉर्ड खाली होईल," एक जण म्हणाला. "नाही लिहिलं अन् उद्या काही झालं तर?" दुसरा म्हणाला. आई कुडकुडत होती. उन्हात! मी त्या माणसांसमोर गेले आणि काय बोलले ते मला धड आठवत नाही. जगभरच्या लोकांना हिनं खाटेवर निजवलं, तुम्ही हिला एक खाट देऊ शकत नाही, असं काहीतरी. आवाज चिरकला होता, नाक वाहत होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बेटा, शांत हो, प्रोसिजर असते."

"वैशू!" बाकावरून आई ओरडली. मला वाटलं, आता ती माझ्या बाजूनं बोलेल. "ओरडू नको त्याइच्यावर. भ्यायले आहेत ते."

हे मात्र माझ्या सहनशक्तीच्या पलीकडे गेलं. मी वळून तिच्यावरच ओरडले, "भ्यायले तर भिऊ दे! तू मरून राहिली अन् तू त्यांचीच बाजू घेते?"

"तिथं पहिल्या दिवशी मीही भ्यायली होती," ती म्हणाली. "हातमोजे घालताना बोटंच सापडत नव्हती." आणि पुन्हा चादरीत तोंड लपवून बसली.

बाबांनी कामठीला फोन करून ठेवला होता, निरोप म्हणून. त्यांना वाटलं, आत्याबाई हळदीच्या गडबडीत असेल, संध्याकाळी कळेल. तासाभरानं फाटकाशी शेअर ऑटो थांबला आणि कोणी उतरताना दिसायच्या आधी आवाज आला, "कुठं ठेवली रे माह्या भावजयीले?" आत्याबाईच्या दोन्ही हातांना हळद, कपाळाला हळद, साडीच्या पदराला हळद. लेकीची हळद अर्धी टाकून आली होती. सरळ बाकाकडे निघाली. आई घाबरून उभी राहिली, "बाई, तिथंच थांबा! पुढे येऊ नका!" आत्याबाई थांबली, सांगितलं तिथे मातीत फतकल मारून बसली आणि मागांच्या पट्टीत सुरू झाली. "थांबतो! आज थांबतो! पण आईकशील का नाही तू? इतके वर्षं सांगून राहिलो, नको जाऊ, नको जाऊ! आता पाह्य! अन् हे काय झाडाखाली बसवलं तुले? गाय हाय का तू?" मग व्हरांड्याकडे तोंड वळवून, "ओ साहेब! माह्या घरी लेकीची हळद हाये. मले दोन्हीकडे पुरायचं हाये. सांगा लवकर, खोली कोणती?"

"बाई, लग्नघर सोडून कायले आल्या?" आई म्हणाली.

"लग्न उद्या हाये. हे आज हाये."

आवारात माणसं जमली, खिडक्यांतून पेशंट बघायला लागले. व्हरांड्यातली चर्चा थांबली, पण किल्ली काही आली नाही. तेवढ्यात बाबा स्कूटरकडे गेले, डिकीतून मोठा पाना काढला, खोलीच्या दाराशी गेले आणि कडीत पाना अडकवून एक हिसका दिला. कुलूप कडीसकट खाली पडलं. जन्मात कोणाशी वरच्या आवाजात न बोललेले माझे बाबा. मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, हे सरकारी..." बाबा म्हणाले, "नवीन बसवून देतो." आत मोडक्या खाटा छतापर्यंत रचलेल्या होत्या. बाबांनी आणि मी त्या ओढून बाहेर काढल्या, एक धड खाट ठेवली, फरशी धुतली, आणि आई चालत आत गेली. आत्याबाई बसल्या जागेवरून हातवारे करत होती, खिडकीखाली खाट नको, हवा लागेल.

त्यानंतर एक तरुण डॉक्टरीण आली. त्या दवाखान्यात पिवळे पोशाख नव्हते. तिनं पावसाळ्याचा रेनकोट घातला होता, हातमोज्यांवर हातमोजे, तोंडाला दोन मास्क. ती रक्त घ्यायला आत गेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं दोनदा सुई टेकवून मागे घेतली, आणि दातांवर दात आपटत असतानाही आई तिला म्हणत होती, "घाई नको करू बेटा. शीर चांगली आहे माही." रक्ताची एक बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेत जायची होती, तिचा निकाल यायला वेळ लागणार होता. पण रक्ताचा थेंब लावलेली एक काचपट्टी त्या मुलीनं स्वतःच जाऊन तपासली आणि पळत परत आली. मास्क गळ्यात, केस विस्कटलेले. "मलेरिया आहे! नुसता मलेरिया!"

"नुसता?" आत्याबाई कडाडली. "मलेरियानं माणूस मरत नाही काय वं?"

मग ती उठली, साडी झटकली आणि रडायला लागली. रडत रडतच ऑटोत बसून हळदीला गेली.

आईचा ताप गोळ्यांनी उतरला. पुण्याचा निकाल आला, त्यात दुसरं काही निघालं नाही. ती घरी आली आणि आठवड्याभरात सेक्रेटरी पुन्हा दारात, या वेळी रुमाल खिशात. कॉलनीच्या हॉलमध्ये तिचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, 'कोराडीची शान' लिहिलेलं बॅनर. मी म्हटलं, मी येणार नाही, आणि गेले नाही. आई गेली. शाल घेऊन परत आली, म्हणाली समोसे छान होते. मी विचारलं, "तुला काहीच वाटलं नाही तिथे बसताना?" ती म्हणाली, "वाटलं न. पण बोलावलं होतं त्यांनी. पुढच्या वेळी कोणी असं घरी आलं, तर विचारपूस करायला लोक फाटकापर्यंत तरी येतील." आज ती माझ्याकडे राहते, गुडघे गेले आहेत, टीव्हीवर कुठला भूकंप दाखवला की पडद्याकडे बघून म्हणते, तंबू उतारावर ठोकला, पाणी शिरेल. तेव्हाचा विषय काढला तर सेक्रेटरींची चौकशी करते. मला अजून त्यांचं नाव ऐकलं की डोकं दुखतं.

त्या सत्कारानंतर काही महिन्यांनी फोन वाजला. कुठेतरी पूर, त्यामागून पटकीची साथ. आईनं ऐकून घेतलं, "आय विल टेल यू" म्हणाली आणि फोन ठेवला. बाबांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "जाऊ का?" तिनं विचारलं.

इतकी वर्षं ज्या प्रश्नासाठी मी जळत होते, तो प्रश्न असा ताटावर समोर आला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "नको जाऊ," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि गेली नाही.

मग सुरू झाला खरा छळ. तिनं टाकी धुतली. दोनच दिवसांनी पुन्हा धुतली. भाजी चिरता चिरता थांबायची, फोनकडे बघायची आणि पुन्हा चिरायची. रोज पाटोडी, रोज भरीत, आणि समोर बसून मी खाते का ते बघायचं. रेडिओवर बातम्या लागल्या की हळूच आवाज वाढवायची आणि मी खोलीत आले की कमी करायची. कुरकुर नाही, टोमणा नाही, काही नाही. आत्याबाई आली तर तिनंही आईचा उद्धार केला नाही, आणि जाताना दारात मला म्हणाली, "पोट्टे, हे बरं नाही दिसून राहिलं." शेवटी एका दुपारी आई बादली घेऊन तिसऱ्यांदा टाकीवर चढायला लागली तेव्हा मी पुस्तक आपटलं.

"जा बाई, जा! एकदाची जा! पण ती टाकी सोड!"

ती शिडीवरून खाली उतरली. बादली जागेवर ठेवली, हात पुसले, थेट फोनपाशी गेली आणि नंबर फिरवला. बऱ्याच वेळानं पलीकडून कोणी उचललं असावं, कारण ती एकदम ताठ उभी राहिली आणि तिच्या त्या तुटक्या, मोठ्या आवाजातल्या इंग्रजीत म्हणाली, "येस, प्रमिला फ्रॉम नागपूर. आय कॅन कम. माय डॉटर हॅज गिव्हन परमिशन."

मी परवानगी-बिरवानगी काही दिली नव्हती. मी नुसती वैतागले होते. पण ती फोनवर इतकी हसत होती, की मी ते काही सांगितलं नाही.